बुढनशाच्या घंगाळातलं पाणी

"पाण्यात काय घातलंय?"

"राख."

"नुसती राख?"

"चुलीतली," बुढनशा फकीर म्हणाला.

केळुसकर सरांचा विश्वास बसला नाही. तालुक्याच्या शाळेत ते एकवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते, आणि या म्हाताऱ्याचं बिंग फोडायला खिशात लिटमसचे कागद घालून आले होते. काविळीच्या माणसाच्या अंगावरून हळदीचं फडकं उतरवायचं, बुढनशाच्या घंगाळात बुडवायचं. पिवळं जाऊन लाल झालं की कावीळ उतरली, अशी गावोगाव बोलवा होती.

सरांनी तांबडा कागद पाण्यात बुडवला. निळा झाला.

"आम्लारी! म्हणून हळद लाल होते. वर लिंबू पिळलं, तर परत पिवळी."

"होते. मी पिळून पाहिलंय."

सर चपापले. हा इतक्या सहज कबूल कसा होतो? यात आणखी काही डाव तर नाही?

"मग लोकांना फसवता कशाला?"

"मी यात कपडे धुतो, मास्तर. राख आहे, दवाखान्यात जा, रोज ओरडून सांगतो. म्हणतात, बाबांना मोठेपणा नको असतो... परवा घंगाळ ओतून दिलं. तर खालची ओली माती नेली."

"माझं ऐकतील."

"बाहेर उभे आहेत. सांगा."

सर बाहेर आले. रांगेत पहिलीच शालन निघाली, सरांची जुनी विद्यार्थिनी. हातात पिवळं फडकं. नवऱ्याचे डोळे आठ दिवस पिवळे, आणि अजून डॉक्टरला दाखवलं नव्हतं.

"शालन, हळद कशानं लाल होते?"

"आम्लारीनं, सर," ती ताडकन म्हणाली. "हळद हा नैसर्गिक दर्शक आहे. बोर्डात आला होता हा प्रश्न. पूर्ण मार्क पडले मला."

"मग इथं काय होतंय?"

तिनं फडक्याकडं पाहिलं. मग सरांकडं...

"सर, ते पेपरातलं. हे तर खरं आहे."

सरांनी फडकं काढून घेतलं. नवऱ्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने, म्हणून दरडावलं.

"हो सर," म्हणत ती मुकाट निघाली. वर्गात म्हणायची, अगदी तस्संच.

सर आत येऊन ओट्यावर टेकले.

"ऐकलं तिनं माझं," ते म्हणाले.

"ऐकणारच..." बुढनशा सदरा पिळत म्हणाला. "एक सांगा, मास्तर. माझ्यावर संशय घ्यायला तुम्ही चार कोस सायकल मारत आलात. तुमच्यावर घ्यायला आजवर कोण आलं?"