जुईच्या कॉम्प्युटरमधली रिकामी खाच

डोंगराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या इवल्याशा घरात जुई आणि तिची आई राहायची. बाबा दूर बंदरावर कामाला. फोनवर ते एवढंच विचारायचे, "जेवलीस का?" पण दर रविवारी कॉम्प्युटरवरच्या खेळात दोघं भेटायची. तिथे त्यांची एक बाग होती. गुलाबी झाडं, निळी फुलपाखरं, चमचमता झरा! त्या बागेत बाबा कसे खदाखदा हसायचे.

जुईचा कॉम्प्युटर म्हणजे जुने जुने भाग जोडून केलेलं, जागोजागी फटी असलेलं खोकं. पण आईला त्याचं केवढं कौतुक! दसऱ्याला तिने त्याला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. चांगली मूठ भरून!

दिवाळी झाली आणि भलतंच सुरू झालं. बाग उघडली की खोकं घरघरायचं आणि सगळं जागच्या जागी थिजायचं. बाबा हात वर करून तसेच उभे!

"अगं, कॉम्प्युटर कसला, बैलगाडी आहे ही," शेजारची गौरांगीताई म्हणाली. "मेमरी कमी पडतेय. आणखी एक पट्टी बसव."

आईने कानातल्या मोत्याच्या कुड्या काढून रुमालात बांधल्या. "उद्या विकून येते," ती म्हणाली. थिजलेल्या बागेसमोर बसून जुई मुसमुसू लागली.

तेवढ्यात पडदा लखलखला आणि बागेतून एक परी बाहेर आली. शेवंतीएवढी! सोनेरी पंख, चांदण्यांचा झगा.

"अगं बाई!" जुई ओरडलीच.

"घाबरू नकोस, राणी. एक इच्छा देते. पट्टी हवी ना? आतल्या रिकाम्या खाचेत आत्ता बसवते. पण नियम ऐक. त्या जागी जे असेल ते कायमचं नाहीसं होईल."

"रिकामी खाच ना? मग तिथे काय असणार?"

परीने हळूच खोक्याकडे बोट दाखवलं.

जुईला कसंतरीच वाटलं. तिने आईला हाक मारली. दोघींनी आधी बटण बंद केलं, वायर काढली (बाळांनो, वायर काढल्याशिवाय हात लावायचा नाही हं, सांगून ठेवते!) आणि झाकण उघडलं.

खाचेवर झेंडूच्या पाकळ्यांचं घरटं, आणि त्यात चिचुंद्रीची पिल्लं! गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याएवढी.

"मी हो म्हटलं असतं तर..." जुई पुटपुटली. "नको गं परी, नको मला पट्टी!"

"आणि रविवारी बाबा वाट बघतील, त्याचं काय?"

जुईने पिल्लांकडे पाहिलं. "बाबा थांबतील. ही एवढुशी कुठे जातील? खोकं बंदच राहू दे. कुड्याही आत्ता विकू नकोस, आई."

रविवार आला, गेला. पुढचाही गेला. मग त्यापुढच्या रविवारी सकाळी चिचुंद्री बाहेर आली. मागे एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून पिल्लांची आगगाडी! चूं चूं करत अंगणापार गेली.

मायलेकींनी खोकं झाडायला घेतलं. आतल्या पंख्यात बघतात तर काय, पाकळ्यांचा हा गच्च बोळा! वर अक्षता, कुंकू.

"अगं, म्हणजे मीच की गं!" आईने कपाळावर हात मारला. "पूजा केली आणि पंख्याचाच गळा आवळला! खोकं तापून थिजायचं ते यामुळेच!"

सगळं साफ करून बटण दाबलं. पंखा भिरभिरला, बाग उघडली, झरा झुळझुळला. काही म्हणजे काही थिजलं नाही!

"मेमरी नकोच होती!" जुई किंचाळली.

पडद्यातून परी डोकावली आणि हसली. "तुझी इच्छा अजून शिल्लक आहे. बोल, राणी."

जुईने रुमाल सोडला आणि कुड्या आईच्या कानात घातल्या. "या कधी विकाव्या लागू नयेत."

लख्ख उजेड झाला! घरभर चांदण्या सांडल्या आणि परी त्यातच विरून गेली.

बागेच्या फाटकातून बाबा धावत आले. बागेत त्यांना आजवर फक्त जुईचं खेळातलं बाहुलं दिसायचं, घर किंवा आई कधीच नाही.

"जुई, कुठे होतीस गं इतके दिवस?" ते म्हणाले आणि एकदम थबकले. "अगं, आणि तुझ्या आईच्या कानात एवढं काय चमकतंय?"

आईचा हात आपसूक कानाकडे गेला.