टेकडीवरची चांगूबायची होडी

खारबेटावर होडीचं पहिलं इंजिन आलं, त्या काळातली ही गोष्ट. पाहिलेलं कोणी उरलं नाही, ऐकलेले पुष्कळ आहेत.

बेटावर चांगूबाय सुती जाळी विणायची. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ती पक्की करायची. मग नायलॉन आलं आणि तिच्या दारी कोणी फिरकेना. तिला ते फार लागलं.

एके दिवशी तिचा पुतण्या धर्मा नाखवा, इंजिनाची होडी घेतल्यावर, बापाची जुनी शिडाची होडी चुलीसाठी फोडायला निघाला. चांगूबाय आडवी आली.

"मला दे."

"तुला काय करायची हाय, काकी?"

"ते मला पण ठाऊक नाय. पण जाळू नको."

टेकडीवर मिठाचं ओस पडलेलं कोठार होतं. तिने होडीला दोर बांधला आणि एकटीच ओढत निघाली. भरतीचं पाणी तिच्यामागे टेकडी चढलं, होडी कोठाराच्या दारात ठेवून गुमान परत गेलं, असं म्हणतात.

मग ती घरोघर जाऊ लागली. कोणाचं शीड, कोणाचं वल्हं, कोणाचा मासळी वाहायचा हारा. लोक तिला भंगारबाय म्हणत. ती हसून घ्यायची आणि उंदरांनी कुरतडलेलं शीड शिवत बसायची.

दहा वर्षांनी मोठं तुफान आलं. तीन दिवस दर्या गावात होता. इंजिनाच्या सगळ्या होड्या फुटल्या, सुकी मासळी वाहून गेली, खाडीपलीकडून मदत येईना. पाचव्या दिवशी पोरं रडायचीही थांबली. तेव्हा धर्मा कोठाराच्या दारात येऊन उभा राहिला.

"शीड कोपऱ्यात हाय," चांगूबाय म्हणाली. "उचल."

होडी पाण्यात लोटली, पण शिडाची गाठ धर्माला आठवेना. तेव्हा बायका होडीत चढत नसत. चांगूबाय चढली. तिने गाठ मारली, सुकाणूशी बसली आणि आपलंच जाळं टाकायला लावलं. पहिल्या खेपेला एवढी मासळी लागली की होडीची कड पाण्याला टेकली, आणि चाळीस घरं नऊ दिवस जेवली, असं म्हणतात.

चांगूबाय पुढे म्हातारपणाने गेली. कोठाराला बाहेरचे लोक आता संग्रहालय म्हणतात, गावकरी चांगूबायचं घर म्हणतात. शहरातल्या साहेबांनी काचेची कपाटं देऊ केली होती, गावाने ती घेतली नाहीत. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिथलं सगळं बाहेर निघतं. होडी पाण्यात जाते, फाटलेलं शिवलं जातं. बेटावरच्या, दर्यावर नव्याने जाणाऱ्या मुलामुलींनी त्या दिवशी सगळ्यांसमोर शिडाची गाठ मारायची असते. जमली की त्यांना इंजिनाला हात लावू देतात.

यंदा तिघांची गाठ सुटली. ते वर्षभर किनाऱ्यावर मासळी निवडतील.