टिटवी कुठे उतरली

“आणि आत कोण बसतं?” आप्पास्वामींनी विचारलं.

सामंत गोंधळले. ते मघापासून आपल्या संग्रहाबद्दल बोलत होते. त्यांच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर एक अंतराळमालिका लागायची. तिच्यातली यानं पुढे खेळणी म्हणून निघाली, बोटभर लांबीची. सामंतांनी ती कुठून कुठून मिळवली होती. काचेचं कपाट, प्रत्येक यानाला वेगळा कप्पा, कप्प्यात इवलासा दिवा. हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

“आत कुणी नसतं, स्वामीजी. भरीव असतात ती. ओतीव धातूची.”

“असं होय,” स्वामी म्हणाले आणि पुढ्यातल्या शेंगा सोलू लागले.

मठी टेकडीवर होती. पुढे सारवलेलं अंगण, अंगणात एक जुनं दगडी उखळ. एवढी चढण सामंत अध्यात्मासाठी चढले नव्हते, हे उघडच होतं. मठीत येऊन गेलेल्या कुणीतरी स्वामींचा फोटो काढला होता. त्या फोटोत, आसनाशेजारी, तांब्याला टेकून टिटवी उभी होती.

टिटवी म्हणजे मालिकेतलं सगळ्यात लहान यान. शेवटच्या भागात ते एकटंच निघून जातं आणि परत येत नाही. संग्रहात तेवढं एकच नव्हतं. कपाट उघडलं की सामंतांची नजर त्या रिकाम्या कप्प्यावर जायची आणि तिथेच अडकायची. बाकीची यानं त्यांनी नीट पाहिली होती, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

“तेवढी मिळाली की माझं समाधान होईल,” सामंत म्हणाले. “मग मला काही नको.”

“एवढंच ना?”

स्वामी उठले. कोनाड्यातून टिटवी काढून त्यांनी सरळ सामंतांच्या हातात ठेवली.

“कुणीतरी ओट्यावर विसरून गेलं होतं. घेऊन जा.”

सामंतांना भरून आलं. खिशातलं मऊ फडकं काढून ते टिटवी पुसू लागले... आणि त्यांचा चेहरा पडला.

“स्वामीजी, हिचा डावा पंख?”

“तुटला. उतरताना.”

“पडली का?”

“पडली नाही, उतरली. जरा जोरात उतरली.”

“म्हणजे तुम्ही... हिच्याशी खेळता?”

“रोज,” स्वामी जराही न लाजता म्हणाले. “संध्याकाळची आरती झाली की.”

सामंतांना राग आला. ऐंशीच्या घरातला माणूस, आणि हे उद्योग! पण त्यांनी तो राग कसाबसा गिळला.

“मग पंख कुठे आहे?”

स्वामींनी अंगणातल्या उखळाकडे बोट दाखवलं.

“त्या ग्रहावर राहिला.”

...

सामंत अंगणात उतरले. इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता गुडघ्यांवर बसले आणि एका हातानं उखळाभोवतीची माती चाचपू लागले. दुसऱ्या हातात टिटवी होती. खाली ठेवली तर माती लागेल, म्हणून तो हात त्यांनी उंच धरला होता.

पंख काही मिळेना. ते गुडघ्यांवरच उखळाभोवती सरकत राहिले. हळूहळू वरचा हातही वळू लागला. उखळाच्या काठावरून तिरका झाला, थोडा खाली आला, पुन्हा वर गेला. आता सामंत मातीकडे बघतच नव्हते. ओठ मिटलेले, आणि घशातून बारीक घरघर निघत होती, रविवार सकाळची, जशीच्या तशी. वाटेतलं मांजर उठून बाजूला झालं.

सामंत त्या घटकेला सुखी होते. त्याला दुसरा शब्द नाही.

मग एकाएकी त्यांना आपण काय करतोय ते कळलं. आवाज बंद झाला. हात तसाच हवेत राहिला. कान लालबुंद झाले. त्यांनी चोरून ओट्याकडे पाहिलं.

स्वामींच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. ते मोठ्या काळजीनं टिटवीकडे बघत होते.

“अरे, मधेच थांबू नकोस,” ते म्हणाले. “आत माणसं आहेत.”