वेशीचा दांडा आणि कातडी कडं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव माझ्या आजोबांनाही आठवत नव्हतं, आणि आजोबांना न आठवणारी गोष्ट सहसा नसायचीच.

त्या राज्याच्या वेशीला भलाथोरला सागवानी दरवाजा होता. बाजूला उघडणारा नव्हे, वर उचलला जाणारा. हत्तीला न हलणारा हा दरवाजा पाणी उचलायचं. टेकडीवरच्या टाक्यातून पाणी खाली यायचं, एका पितळी नळकांड्यात शिरायचं आणि आतल्या दांड्याला वर रेटायचं. दांड्याबरोबर दरवाजा वर. मग तोटी बंद केली की पाणी आत कोंडलं जाई आणि दरवाजा दिवसभर वर राही.

हे पाणी दांड्याच्या कडेने झिरपू नये, म्हणून नळकांड्याच्या तोंडाशी दांड्याला घट्ट बिलगणारं एक कातडी कडं बसवलेलं असे. दिसायला एवढंसं, पण सगळा दरवाजा त्याच्या भरवशावर.

ही कडी एक बाई करून द्यायची. नदीकाठी तिच्या कातडी भिजवायच्या कुंड्या होत्या, आजेसासूपासून चालत आलेल्या. आणि कडं बसवणं, दरवाजा सांभाळणं हे काम एका दरवानाचं. माणूस कमालीचा टापटिपीचा. रोज सकाळी विटकरीची पूड घेऊन दांडा खालीवर असा घासायचा, की त्यात बघून मिशीला पीळ देता यावा. राजा जाता-येता म्हणायचा, "झळाळी असावी तर अशी." मग काय विचारता, दुसऱ्या दिवशी दरवान आणखी जोर लावून घासायचा.

एका वर्षी कडं गळायला लागलं. दरवानाने ते काढून फेकलं आणि नवं बसवलं. महिन्याभरात तेही गळलं. बाईने शेळीचं कातडं सोडून म्हशीचं घेतलं. ते पंधरा दिवस टिकलं. मग तिने दुप्पट जाड कडं केलं. ते आठव्या दिवशी गेलं, आणि गेलं ते नेमकं राजाच्या भाच्याच्या वरातीत.

घोड्यावरचा नवरदेव आत आला, मागोमाग करवल्या आत आल्या, आणि दरवाजा सावकाश, अगदी सावकाश खाली बसला. नवरा आत, नवरीचा मेणा बाहेर, मध्ये सागवान. वाजंत्री मात्र दोन्हीकडे वाजतच राहिली, कारण थांबा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

राजा संतापला. दरवान हात जोडून म्हणाला, "महाराज, दांडा बघा, आरसा आहे आरसा. माझी कसूर नाही. कातडंच कच्चं."

राजाने बाईला बोलावलं. "आता एकच कडं करायचं. ते महिनाभर टिकलं नाही, तर नदीकाठ सोडायचा आणि राज्याबाहेर जायचं."

तिच्या कुंड्या काठाच्या खडकात खोदलेल्या. त्या काय डोक्यावर घेऊन जाणार? पण ती रडत बसली नाही.

"करते महाराज," ती म्हणाली. "पण आधी जुनी कडी द्या."

"जुनी कशाला?" दरवान म्हणाला. "फाटली ती फाटली. तिकडे उकिरड्यावर पडली असतील."

आता बघा हं. चार कडी फाटली, पण फाटलेलं कडं हातात घेऊन एकानेही पाहिलं नव्हतं. बाईनेसुद्धा नाही. तीही मुकाट्याने नवीन करून देत राहिली होती. "ही माझीही चूक," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली, आणि पदर खोचून उकिरड्यावर गेली. चारही कडी शोधून, धुऊन तिने राजापुढे ठेवली.

"कातडं कच्चं असतं, तर सगळीकडून कुजलं असतं. बाहेरून कशी तुकतुकीत आहेत बघा. फाटलीत ती आतून, दांडा लागतो तिथेच. आणि चारही कड्यांना सारख्याच उभ्या रेघा."

"मग?" राजाने विचारलं.

"मग आता दांड्यालाच विचारायचं."

तिने वातीचा कापूस मागवला.

"बाई, बोट लावू नका, डाग पडेल," दरवान कळवळून म्हणाला.

बोट न लावता तिने कापसाचा पुंजका दांड्यावरून हलकेच फिरवला. कापूस सरकेना. जागोजागी अडकला, तुटला, आणि त्या झळझळीत दांड्याला म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखे पांढरे खुंट फुटले. डोळ्यांना न दिसणारे ओरखडे कापसाने दाखवले.

दरवानाने एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या विटकरीकडे, आणि विटकर खाली ठेवली. "मी तर याला जिवापाड जपत होतो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे राज्याबाहेर जायचं ते यानं," राजा गरजला.

"महाराज, याला घालवून दांडा घासायचा कुणी?" बाई म्हणाली. "असा घासणारा हात सगळ्या मुलखात नाही. फक्त विटकर सोडायची. आणि झळाळीचं कौतुक कोण करत होतं, तेही…" राजाला एकाएकी खोकला आला.

मग दरवानाने कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि तेल घेऊन तीन दिवस दांडा घोटला, खालीवर नाही, गोल गोल. कापूस लोण्यावरून फिरल्यासारखा फिरेपर्यंत घोटला. बाईने शेळीच्या साध्या कातड्याचंच कडं केलं आणि कोमट तेलात रात्रभर मुरवलं. दांड्याच्या टोकाची धार कड्याला लागू नये, म्हणून टोकाला केळीचं पान गुंडाळलं, आणि कड्याचा ओठासारखा उघडा काठ पाण्याच्या बाजूला करून ते बसवलं, म्हणजे पाण्याच्या दाबानेच तो दांड्याला बिलगेल.

दांडा पूर्वीसारखा चमकेना, पण दरवाजा वर गेला तो वरच राहिला. महिना झाला, वर्ष झालं. नदीकाठच्या कुंड्या होत्या तिथेच राहिल्या. दरवान आता मऊ फडक्याने दांडा पुसायचा, आणि उरलेली विटकर त्याच्या बायकोने भांडी घासायला नेली. त्या वरातीतल्या नवरानवरीला पुढे लेक झाली, ती त्या दरवाजाखालून रांगत गेली, तरी कडं आपलं तेच.

म्हणून लहानथोरांनो, एकच वस्तू पुन्हा पुन्हा फाटत असेल, तर नवी आणण्याआधी तिला फाडतंय काय, ते शोधावं.