सालईची तारओळ

पाहुणे, आधी एक सांगा. समोरचा माणूस एक बोलतोय आणि लांबून आलेली तार दुसरंच सांगतेय, तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? ती टेकडीवरची सालईची झाडं पाहा. रान कधी असं ओळीत उगवतं का? ते तारायंत्राचे खांब आहेत.

कंपनी सरकारच्या अमदानीत इथून पहिली तार गेली, असं सांगतात. ठेकेदाराने सागाचे खांब कबूल केले आणि पुरली ओली सालई. लाकूड मीही विकतो. असला माल मी दुकानाच्या मागेसुद्धा ठेवणार नाही. गवळ्यांच्या म्हशी त्या खांबांना अंग घासायच्या. खांब कलले, तार तुटली. लबाडी उघडी पडू नये म्हणून ठेकेदाराने पुढच्या ठाण्यावरून तार ठोकली, 'गवळी बंडात सामील. तार त्यांनीच तोडली.'

घोडेस्वार आले, सोबत त्यांचा गोरा साहेब. गवळ्यांचा नाईक भिवा म्हणाला, "सायेब, खाज म्हशीला सुटली होती. फास तिच्या गळ्यात घाला." शिपाई हसले. साहेब हसला नाही. तारेने आलेलं खोटं कसं असेल? भिवाला आणि त्याच्या भावांना त्याच खांबांना टांगलं. ओले खांब वाकत, पाय भुईला टेकत. मग शिपाई पाय धरून ओढत, म्हणे.

प्रेतं उतरवू देईनात. भिवाच्या बायकोने, राहीने, खांबाखांबाच्या बुडाशी दूध ओतलं. खांबाला म्हणाली, "माझा धनी खरा असेल, तर आता तूच बोल."

खांबांना पालवी फुटली. वाळल्या सागाला कुठली पालवी? ओली सालईच अशी फुटते; ठेकेदाराची लबाडी उघडी पडली. साहेबाने ती पाहिली, घोडा वळवला आणि ठेकेदाराला नवे खांब आणायला सांगितलं, बस्स.

मग पहाटे राहीने थाळ्या बडवत सगळा कळप ठेकेदाराच्या तळावर घातला. ठेकेदाराचं पागोटं तेवढं ओळखू आलं. त्याच खुरांखाली पखालवाला रमजूही चिरडला. फाशीआधी भिवाला पाणी पाजलं होतं, ते त्यानेच.

पुढे तार दरीतून नेली. आजही इथे सालईला कुऱ्हाड लागत नाही, आणि गवळणी दरसाल झाडांना दूध घालतात. पहिली धार मात्र रमजूच्या नावाने मांडलेल्या दगडावर. काही जण गोष्ट सांगताना त्याला गाळतात. ऐकायला बरं वाटतं ना! तुम्ही घरी जाऊन सांगाल, तेव्हा एवढं करा, हिशेब चोख ठेवा. त्यांनी मारलेले मोजा, आणि आम्ही मारलेला रमजूही मोजा.