पाणी, वारा आणि ऊन

"मग तिघांत थोर कोण, उस्ताद? पाणी, वारा की ऊन?"

शशिकांत वेल्हाळनं प्रश्न विचारला खरा, पण उत्तर त्याला ठाऊक होतं. ते तो कागदावर मांडूनच घेऊन आला होता.

हुसेन मुल्ला ओसरीवर बसून ऐकत होते. धरणाच्या वीजघरात त्यांनी छत्तीस वर्षं मशीन चालवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी शशिकांत तिथे शिकाऊ म्हणून लागला, तेव्हा याच माणसानं त्याचा तळवा फिरत्या मशीनच्या अंगावर टेकवून त्याला थरथर ओळखायला शिकवलं. वीजघरात सगळे त्यांना उस्तादच म्हणत.

आता उस्ताद शहात्तर वर्षांचे होते, आणि शशिकांत सौरऊर्जेच्या एका कंपनीत मोठा इंजिनिअर.

त्यानं सगळं नीट सांगितलं. पाण्याचं मशीन हाकेसरशी उठतं, दोन-चार मिनिटांत लोड घेतं. मुलूखभर वीज गेली तरी आधी तेच डोळे उघडतं. वारा मनाला येईल तेव्हा वाहतो, पण पवनचक्कीच्या पायाशी शेत पिकतं. ऊन मावळतीला निघून जातं, ते साठवायला बॅटरी लागते, आणि पंचवीसेक वर्षांत पॅनेलं थकतात. धरण त्याहून कितीतरी जास्त टिकतं, मात्र गाळानं भरत जातं.

एकाही बाजूला त्यानं झुकतं माप दिलं नाही. मग कागद गुडघ्यावर ठेवला.

"पण या धरणानं एकोणीस गावं बुडवली, उस्ताद. सूर्य कुणाला बुडवत नाही."



मग शशिकांत कामाचं बोलला. वर पाचघरीच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, चारशे एकरांत पॅनेलं बसणार होती. जमीन सरकारी. कागदोपत्री तिथे कुणी राहत नव्हतं. प्रत्यक्षात धनगरांची पाच घरं होती आणि त्यांच्या म्हशी त्याच गवतावर जगत होत्या. कंपनी खाली रस्त्याकडेला पक्की घरं बांधून द्यायला तयार होती. पण त्यांच्यातला वडीलधारा, भिकाजी झोरे, ऐकायला तयार नव्हता. दोनदा माणसं पाठवली, दोन्ही वेळा त्यानं ताक पाजून वाटेला लावली.

"तो तुमचा शब्द मोडत नाही म्हणतात. तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला."

उस्तादांनी काठी घेतली.

"चल."

शशिकांतला वाटलं, काम झालं. तो गाडीकडे वळला. पण उस्ताद घरामागच्या पायवाटेनं धरणाच्या पाण्याकडे उतरू लागले होते. तो मुकाट्यानं मागे गेला.

मे महिन्याचं ऊन. पाणी पार खाली गेलेलं. तडकलेल्या गाळावरून चालत दोघं काठाशी पोचले, तोवर शशिकांतच्या घशाला कोरड पडली होती.

"पी," उस्ताद म्हणाले.

तो उकिडवा बसला. ओंजळीनं दोनदा पाणी प्यायला.

"कसं आहे?"

"गोड आहे."

उस्ताद पाण्याकडे बघत राहिले.

"असेल... मी कधी प्यायलो नाही."

ते खरं होतं. उस्ताद ड्यूटीवर येताना झऱ्याचं पाणी बाटलीत भरून आणत. शिकाऊ पोरं त्यावरून हसत. शशिकांतही हसला होता. म्हाताऱ्याची लहर, असं सगळे समजत.

"का, उस्ताद?"

"इथं आमचं गाव आहे, आंबेखिळ. तू बसलास त्याच्यासमोर, खोलात, मशीद. मशिदीमागं कबरस्तान... माझी आई तिथं आहे."

शशिकांतचा ओला हात तसाच राहिला. तो पुसावा की नाही, त्याला कळेना.

"आणि याच पाण्यावर तुम्ही छत्तीस वर्षं मशीन चालवलंत?"

"चालवलं. चालवायला पाण्यासारखं गुणी काही नाही."

"मग पाण्यावर राग..."

"राग नव्हता. भीती होती." उस्ताद थांबले. "गोड लागलं, तर काय करायचं?"



पाणी चढलं तेव्हा तुम्ही कुठे गेलात, असं शशिकांतनं हलक्या आवाजात विचारलं. उस्तादांनी सांगितलं, ते तेव्हा चौदा वर्षांचे होते. नवी जमीन मिळायला दोन वर्षं लागली. तोवर बाप चार लेकरं आणि शेरडं घेऊन वर सड्यावर गेला. भिकाजीच्या बापानं आपल्या म्हशी पावसात बाहेर बांधल्या आणि गोठा त्यांना दिला. दोन पावसाळे ते सगळे त्या गोठ्यात राहिले.

शशिकांतनं खिशातला नकाशा काढला. सड्यावर चारशे एकरांची चौकट आखलेली होती. घरं कुठे असतील, याचा त्यानं बोटानं अंदाज घेतला. मग नकाशाची घडी घातली. मघाशी ओसरीवर आपण काय बोललो, ते त्याला आठवत होतं, आणि मान वर करणं जड जात होतं.

"हे काम सोडून देऊ, उस्ताद?"

"विजेवाचून कुणाचं चालतंय? माझ्याही घरात दिवा आहे."

"मग?"

उस्ताद काठी टेकत परत फिरले. पलीकडच्या काठावर बगळे उतरत होते.

शशिकांत उठला. आवाजात आता अधिकार राहिला नव्हता.

"तुम्ही येऊ नका. उद्या मी एकटाच वर जातो... भिकाजींना काय सांगू?"

उस्ताद चढ चढू लागले होते. मागे न बघता ते म्हणाले,

"सांगायला जाणार असशील, तर जाऊ नकोस."