विहिरीचा रिपोर्ट

“म्हणजे काया धातूची होऊ लागली, असंच ना महाराज?”

चंपागिरी महाराज मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि हंसगिरीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

हंसगिरी हा थोरला शिष्य. पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत, आणि अहंकार अंगात मावत नव्हता. दत्तजयंतीला महाराज गादीचा वारस सांगणार होते. चेहऱ्यावर तेज यावं म्हणून हा गडी गुपचूप जस्ताचं भस्म खाऊ लागला. पोट बिघडलं, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी लघवीतलं जस्त तपासून आणायला सांगितलं. लॅबवाल्यांनी प्लास्टिकचा कॅन दिला आणि बजावलं की दिवसरात्रीची लघवी थेट यातच साठवा, धातूचं भांडं मध्ये आणू नका, भांड्यातलं जस्त उतरतं.

पण प्लास्टिक पडलं ओवळं. हंसगिरीने आपला पितळी तांब्या चिंचेने लख्ख घासला, सगळं त्यात साठवलं आणि सकाळी कॅनमध्ये ओतून नेऊन दिलं. पितळेत जस्त असतंच, हे कुठल्याही कासाराने सांगितलं असतं. पण विचारतो कोण?

आकडा आला भलामोठा.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“पुन्हा तपासा म्हणाले. संसारी माणूस... त्याला सिद्धी काय कळणार?”

महाराजांनी मान डोलावली. “ज्यात साठवलंस तो तांब्या ठेवून जा. उद्या माझंही तपासून आण.”

त्या संध्याकाळी महाराजांनी तो तांब्या स्वतः चिंचेने घासला. सकाळी तो भरून, फडकं बांधून पायरीवर ठेवलेला होता. हंसगिरीने तो दोन्ही हातांनी उचलला, कॅनमध्ये ओतला आणि कॅन प्रसाद न्यावा तसा लॅबपर्यंत नेला.

रिपोर्ट आला. आकडा हंसगिरीच्या आकड्याहूनही मोठा होता. खाली शेरा होता, नमुना फारच पातळ.

हंसगिरीने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. “महाराज, तुम्ही माझ्याही पुढे... आणि किती निर्मळ.”

महाराजांचा या पोरावर जीव होता. हसू त्यांनी मोठ्या कष्टाने आवरलं आणि मूठभर शेंगा त्याच्या ओंजळीत घातल्या.

“ते माझं नव्हतं रे.”

“मग कुणाचं?”

महाराजांनी अंगणातल्या विहिरीकडे बोट दाखवलं.

हंसगिरी विहिरीकडे बघत राहिला. मग तांब्याकडे. मग कागदाकडे... शेंगा ओंजळीतच राहिल्या. त्याने हळूच विचारलं, “मग गादीचं काय, महाराज?”

“तोच विचार करतोय. आकडा विहिरीचा मोठा... आणि ती सांगायलाही आली नाही.”